हायड्रॉलिक घ्याच, पण आधी केबल सोडवून इंजिन हाताने फिरवून बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. बोट १९ फुटी, फायबरची, २००८ सालची. तिच्यावर मुळात ७५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही वापरलेलं ११५ चं फोर-स्ट्रोक चढवलंत, पण स्टेअरिंग तेच जुनं, एका केबलचं ठेवलंत. देवबागच्या संगमावर पर्यटक घेऊन जाता. ओहोटीचं पाणी कर्लीतून बाहेर पडत असतं, समोरून समुद्राची लाट येते आणि नेमकं तेव्हाच चाक दोन्ही हातांनी ओढावं लागतं. आता हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने इंजिन वळवणारं स्टेअरिंग, बसवावं का, कुठलं बसवावं आणि ते घरच्या घरी जमेल का, हे तुम्हाला हवंय.

११५ ला हायड्रॉलिक बसवाच. त्या जागी, त्या पाण्यात, माणसं बसलेली असताना जड चाक घेऊन जाणं मला पटत नाही. पण किटची ऑर्डर देण्याआधी एक संध्याकाळ माझ्यासाठी काढा. या किनाऱ्यावर मी बावीस वर्षं आऊटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांची कामं करतोय. हायड्रॉलिक बसवूनही ज्यांची तक्रार गेली नाही, त्यांतल्या बहुतेकांनी ही एक संध्याकाळ वाचवली होती.

बोट वाळूवर घ्या, इंजिन सरळ उभं करा. केबलच्या टोकापासून इंजिनाच्या पुढच्या दांड्याला जोडणारी जी वाकडी सळई असते, ड्रॅग लिंक, तिचा बोल्ट काढा. आता चाक आणि इंजिन एकमेकांपासून सुटे झाले. आधी चाक फिरवा, मग मागे जाऊन इंजिनाची लेग, म्हणजे खालचा उभा भाग, हाताने धरून डावीकडून उजवीकडे पूर्ण ढकला. चाक जड आणि इंजिन हलकं असेल, तर दोष केबलचा. चाक हलकं आणि इंजिन हलत नसेल, तर दोष इंजिनाच्या मानेत आहे आणि हायड्रॉलिक त्यावरचा उपाय नाही. मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या बोटीत बहुतेक वेळा दोन्ही सापडतात.

इंजिनाची मान म्हणजे ज्या उभ्या नळीत इंजिन डावी-उजवीकडे फिरतं तो भाग. तिला ग्रीसचे निपल असतात. ग्रीसगन लावा आणि आतलं जुनं, काळं पडलेलं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरत राहा. ग्रीस आत जातच नसेल, तर आत ते वाळून दगड झालंय. तेव्हा निपल काढून साफ करा, भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, बाहेरून हीटगनने शेक द्या, इंजिन पुढे-मागे हलवत राहा आणि पुन्हा ग्रीस भरा. एका दिवसात नाही झालं तर तेल रात्रभर मुरू द्या. गॅसची ज्योत लावू नका, आतले प्लास्टिकचे बुश वितळतात आणि पेट्रोलची नळी हातभरावर असते. एवढं करूनही मान सैल झाली नाही, तर इंजिन उतरवून ती खोलावी लागते. काम मोठं आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

टाळता का येत नाही, ते सांगतो. हायड्रॉलिकच्या पंपात दाब वाढला की सोडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. नावाजलेल्या किटमध्ये तो साधारण १००० पीएसआयला उघडतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या आसपास. या ताकदीपुढे जाम झालेली मानसुद्धा वळते. चाकावर बसलेल्या तांडेलाला पहिले काही महिने काही कळत नाही, पण तो सगळा जोर इंजिन ढकलणाऱ्या सिलेंडरच्या कंसावर, आडव्या दांड्यावर आणि तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर, सीलवर, पडत असतो. निवतीच्या बाजूच्या एका बोटीचं काम माझ्याकडे आलं होतं, ते दुसरीकडे बसवलेलं किट होतं. एका हंगामात सील गेलं, नवं टाकलं, पुन्हा गेलं. मालकाला वाटलं किटच नकली आहे. मी सिलेंडर सोडवून इंजिन ढकललं तर दोन माणसांना हललं नाही. किट चांगलं होतं. मानेत कधी ग्रीसच गेलं नव्हतं.

आता केबल. स्टेअरिंग केबलच्या टोकाला स्टीलची एक जाड सळई असते, ती इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमध्ये आत-बाहेर सरकते. टिल्ट ट्यूब म्हणजे इंजिन ज्या आडव्या नळीवर वर उचललं जातं ती. या नळीत खारं पाणी शिरतं, ग्रीस चिकट होतं, बारीक वाळू त्याला धरते आणि सळई जाम होते. लोक केबल बदलतात, पण नळी आतून साफ करत नाहीत. मग नवी केबलही एक-दोन हंगामांत तशीच होते. तुम्ही हायड्रॉलिक घेतलंत तरी ही नळी लागणारच, कारण पुढच्या बाजूला बसणाऱ्या सिलेंडरचा आधारदांडा याच नळीतून आरपार जातो. जुनी केबल अडकलेली असेल तर नट सोडवून, तेल मुरवून, नळीपेक्षा थोडा बारीक पितळेचा दांडा लावून ठोकून काढा. लोखंडी दांड्याने ठोकलंत तर नळीच्या आत ओरखडे पडतात. काढल्यावर गोल ब्रश घालून आतून चकचकीत करा, आणि गंजून खड्डे पडले असतील तर नळीच बदला.

एक जोड देतो, तुमच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल. ज्यांची केबल चांगली आहे आणि इंजिन ४० च्या आतलं आहे, त्यांनी हायड्रॉलिकच्या मागे लागू नये. टिल्ट ट्यूबला ग्रीस भरताना केबलची सळई पूर्ण आत ओढलेली असावी. सळई बाहेर असताना ग्रीस कोंबलं तर ते तिच्यापुढे साचतं, आणि मग चाक एका बाजूला वळतच नाही. हे न कळल्यामुळे चांगल्या केबली फेकलेल्या मी पाहिल्या आहेत.

केबल अजून लावलेली आहे तोवर आणखी एक गोष्ट करून घ्या, नंतर ती करता येणार नाही. शांत पाण्यात, मालवण बंदराच्या आत किंवा खाडीत, तुमच्या नेहमीच्या वेगाने सरळ जा आणि चाक कोणत्या हाताला ओढतं ते बघा. प्रोपेलर एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे इंजिन एका बाजूला वळू पाहतं. उजव्या फिरकीच्या प्रोपेलरला बोट बहुधा उजवीकडे ओढते. हे ओढणं कमी करायला प्रोपेलरच्या वर, आडव्या पात्याखाली एक छोटं झिंकचं पातं असतं, ट्रिम टॅब. मागून बघताना बोट उजवीकडे ओढत असेल, तर त्या पात्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे फिरवायचं. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एका वेळी अगदी थोडं, मग पुन्हा पाण्यात जाऊन बघायचं.

हायड्रॉलिक लागल्यावर ही ओढ हाताला जाणवणारच नाही. पंपाच्या आत एका दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात, ते इंजिनाकडून येणारा जोर चाकापर्यंत पोचू देत नाहीत. हाच तर हायड्रॉलिकचा सर्वांत मोठा फायदा. लाटेने इंजिनाला धक्का दिला तरी चाक हातातून सुटत नाही. साध्या जुन्या केबलवर वेगात चाक सोडलं की बोट गर्रकन वळते आणि माणूस पाण्यात जातो, तो धोका इथे खूप कमी होतो. पण ओढ गेलेली नसते, फक्त लपलेली असते. ती सिलेंडरच्या एकाच बाजूच्या सीलवर तासन् तास बसून राहते. म्हणून टॅब आधी जुळवून घ्या. टॅब झिजून निम्मा झाला असेल तर नवा टाका, आणि त्याच्यावर रंग लावू नका, नाहीतर गंजापासून इंजिन वाचवण्याचं त्याचं काम थांबतं.

हायड्रॉलिकमध्ये घडतं तरी काय, ते थोडक्यात. चाकाच्या मागे एक छोटा पंप असतो, त्यालाच हेल्म म्हणतात. चाक फिरवलं की तो एका होजमधून, म्हणजे दाब सोसणाऱ्या नळीतून तेल ढकलतो, सिलेंडरच्या एका कप्प्यात ते भरतं, दुसऱ्या कप्प्यातलं तेल दुसऱ्या होजने परत येतं. इथे इंजिनाची ताकद किंवा बॅटरी लागत नाही, ताकद तुमच्याच हाताची. मग चाक हलकं का होतं? कारण तुम्ही ते जास्त फिरवता. समजा पंप एका फेऱ्यात २८ मिलिलिटर तेल ढकलतो आणि सिलेंडरला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला १४० मिलिलिटर लागतं, तर चाकाचे पाच फेरे होतात. तुमच्या केबलला आज तीन-साडेतीन फेरे लागत असतील. संगमावर पटकन वळायची सवय असलेल्या तांडेलाला पहिला आठवडा हा फरक खटकतो. मी प्रत्येकाला सांगतो, पहिले चार दिवस पर्यटक न घेता फिरा, हात बसू दे. चाकावर फिरवायची मूठ लावून घ्या, खाडीत जेटीला लावताना ती फार उपयोगी पडते.

किट कुठलं? एका इंजिनाच्या बोटीला इंजिनाच्या पुढे बसणारा सिलेंडर घ्या. यात दांडा जागेवर राहतो आणि सिलेंडरचं अंग सरकतं. दोन्ही बाजूंना दांडा सारख्याच जाडीचा असल्यामुळे डावीकडे आणि उजवीकडे फेरे सारखे लागतात. बाजूला बसणाऱ्या सिलेंडरमध्ये तसं होत नाही. ज्या बोटीत पुढे जागाच नाही तिथेच तो वापरावा.

किटवर लिहिलेली हॉर्सपॉवरची मर्यादा वाचा आणि तिच्या काठावर उभे राहू नका. अल्ट्राफ्लेक्सचं गोटेक ११५ पर्यंतचं आहे, बेस्टार १५० पर्यंतचं, त्याच्या वरचं सीस्टार. तुमचं इंजिन ११५ चं, बोट संगमावर रोज आपटणार, तर मी गोटेक घेणार नाही, १५० वालं घेईन. नावांचा एक गोंधळ दुकानात होतो, तो आताच सांगून ठेवतो. बेस्टार आणि सीस्टार बनवणाऱ्या टेलिफ्लेक्सचा बोटींचा व्यवसाय २०११ मध्ये विकला गेला आणि त्याचं नाव सीस्टार सोल्यूशन्स झालं. २०१७ मध्ये ते डोमेटिककडे गेलं. त्यामुळे जुन्या खोक्यावर टेलिफ्लेक्स, मधल्या काळातल्यावर सीस्टार आणि नव्यावर डोमेटिक दिसतं. एकच घराणं आहे. सील किट मागताना खोक्यावरचं नाव सांगू नका, सिलेंडरवर छापलेला नंबर सांगा.

खर्च केबलच्या किटच्या कित्येक पट येतो. तो वाचवायला लोक दोन वाटा धरतात. एक म्हणजे जुनं किट. त्यातला हेल्म एकवेळ चालेल, पण सिलेंडरच्या दांड्यावर नखाला लागेल एवढा जरी खड्डा असला तरी घेऊ नका, तो खड्डा दर फेऱ्याला नवं सील कापत राहतो. दुसरी वाट म्हणजे जेसीबीच्या दुकानातून होज बनवून घेणं. तो होज दाब सोसतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो कडक असतो, सिलेंडर सरकताना त्याला लागेल तसा वाकत नाही, त्याच्या टोकाची लोखंडी फिटिंग एका पावसाळ्यात गंजते, आणि कापताना आत पडलेला रबराचा भुसा पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. स्टेअरिंगच्या होजवर पैसे वाचवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

पैसे देण्याआधी मापं घ्या. इंजिन पूर्ण वर उचला आणि त्याच स्थितीत डावीकडून उजवीकडे फिरवा. सिलेंडर आणि त्याच्या होजना इंजिनाच्या पुढे, बोटीच्या मागच्या भिंतीजवळच्या खोलगट जागेत मोकळं फिरता आलं पाहिजे. जुन्या बोटींत ही जागा अरुंद असते आणि इंजिन वर उचलल्यावर सिलेंडर फायबरला लागतो. पाण्यात सगळं ठीक दिसतं, आणि संध्याकाळी वाळूवर ओढायला इंजिन उचललं की होजची फिटिंग तुटते. हे कागदावरच्या मापाने कळत नाही. पुठ्ठ्याचा सिलेंडर करून दोरीने बांधून बघितलेला उत्तम.

त्याच वेळी मागची पाट, म्हणजे इंजिन जिला बसवलेलं असतं ती मागची भिंत, ट्रान्सम, हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐका. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आतला प्लायवूड पाणी पिऊन कुजलाय. ११५ चं फोर-स्ट्रोक पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं, तुमचं जुनं टू-स्ट्रोक त्यापेक्षा बरंच हलकं होतं. त्या पाटीवर २००८ मध्ये किती वजनाचा विचार झाला होता, बोटीवर लावलेल्या माहितीच्या पट्टीवर किती हॉर्सपॉवरपर्यंत इंजिन चालेल असं लिहिलंय, हे बघा. पाट मऊ असेल तर आधी पाट. स्टेअरिंगचा नंबर नंतर. आणि इंजिन बदललंत तेव्हा नोंदणीच्या कागदात ११५ ची नोंद झाली आहे ना? प्रवासी बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. ती नोंद राहिली असेल तर स्टेअरिंगच्या कामाबरोबरच करून घ्या, आणि किटचे कागद जपून ठेवा. लहान बोटींच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगसाठी आयएसओ १०५९२ हे मानक आहे, त्याचा उल्लेख कागदावर असलेलं किट घेतलंत तर तपासणीत बोलायला सोपं जातं.

बसवण्याच्या कामातलं पहिलं म्हणजे डॅशबोर्ड. जुन्या हेल्मचं भोक नव्याला जुळेलच असं नाही. किटबरोबर कागदी साचा येतो, तो चिकटवूनच भोकं पाडा. हायड्रॉलिक हेल्म जड असतो आणि तांडेल लाटेत चाकाला लटकतो, म्हणून पातळ फायबरच्या मागे मरीन प्लायचा तुकडा रेझिनने बसवा. जुनं चाक फेकू नका. पाऊण इंची, निमुळत्या शाफ्टचं असेल तर बहुतेक नव्या हेल्मवर तेच बसतं. मात्र चावीची खाच झिजलेली नसावी.

होज ओढताना त्यांची टोकं पिशवीने घट्ट बांधून मगच बोटीच्या पोटातून न्या, आत वाळूचा एक कणही जाता कामा नये. पेट्रोलची नळी, बॅटरीच्या वायरी आणि होज एकाच गुच्छात बांधू नका. फायबरच्या कापलेल्या कडेवरून जिथे होज जातो तिथे रबराचं ग्रोमेट घाला, कारण ती कड करवतीसारखी घासते. इंजिनाजवळ एवढा सैल वळसा ठेवा की इंजिन पूर्ण वर, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे गेलं तरी होज ताणला जाणार नाही, आणि मुडपलाही जाणार नाही.

निमुळत्या आट्यांच्या फिटिंगना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. नळाच्या कामाची सवय असलेला प्रत्येक जण हात तिकडेच नेतो. माझ्याकडे एक बोट आली होती, तिचं चाक डावीकडे घट्ट लागायचं, पण उजवीकडे शेवटाला गेल्यावरही हळूहळू फिरतच राहायचं. दोन ठिकाणी हवा काढून झाली होती. मी हेल्म उघडला तर व्हॉल्व्हच्या गोळीखाली टेपचा केसाएवढा धागा. तेवढ्याने व्हॉल्व्ह बंद होत नव्हता. या फिटिंगना पाइपचं पेस्टसारखं सीलंट लावतात, तेही पहिली एक-दोन आटी सोडून. ओ-रिंगच्या फिटिंगना काहीच लावायचं नसतं. आणि पाना हाताला जड लागला की थांबा, ॲल्युमिनियमच्या अंगात आट्या लगेच मरतात.

सिलेंडरचा आधारदांडा टिल्ट ट्यूबमधून घालताना भरपूर मरीन ग्रीस लावा. दोन्ही बाजूंचे नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळा, अंदाजाने नाही. सिलेंडर आणि इंजिनाचा दांडा जोडणारा जो बोल्ट असतो त्याला लॉकनट येतो. तो एकदा काढला की दुसऱ्यांदा वापरू नका. चार-पाच नटांचा हा सगळा प्रश्न आहे, पण संगमाच्या लाटेत तुमच्या आणि खडकांच्या मध्ये तेवढेच नट असतात.

आता तेल आणि हवा. इथेच काम बिघडतं, म्हणून इथे वेळ घ्या. तेल किटवाल्यांनी सांगितलेलंच हायड्रॉलिक स्टेअरिंगचं वापरा. ते मिळत नसेल तर एमआयएल-५६०६ दर्जाचं, विमानांत वापरलं जाणारं लाल हायड्रॉलिक तेल पर्याय म्हणून चालतं. गाडीचं ब्रेक ऑइल कधीच नाही, ते सील फुगवून खातं. इंजिन ऑइल जाड पडतं. एका सिलेंडरच्या बोटीला होजसकट भरून हवा काढायला दोन लिटर धरा, अर्धवट बाटलीवर काम सुरू करू नका.

दोन माणसं लागतात, एक चाकावर, एक मागे. तेलाची बाटली नळीने हेल्मच्या तोंडाला जोडून उलटी टांगा, म्हणजे पंप कधी रिकामा पडणार नाही. बाटलीच्या बुडाला वरून बारीक भोक पाडा. हेल्ममध्ये बुडबुडे येणं थांबेपर्यंत वाट बघा. मग चाक उजवीकडे शेवटपर्यंत न्या. सिलेंडरच्या उजव्या बाजूच्या, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून ती रिकाम्या बाटलीत सोडा, निपल उघडा. मागच्या माणसाने सिलेंडर जागेवरून हलू न देता धरून ठेवायचा आणि पुढच्याने चाक सावकाश डावीकडे फिरवायचं. आधी हवा, मग फेसाळ तेल, मग स्वच्छ तेल येईल. स्वच्छ तेल वाहत असतानाच निपल बंद करायची, चाक थांबल्यावर नाही. नंतर चाक डावीकडे शेवटपर्यंत नेऊन डाव्या निपलला हेच, चाक उजवीकडे फिरवत. दोन्ही बाजू पुन्हा एकदा. बाहेर आलेलं फेसाळ तेल परत वर ओतू नका, ते रात्रभर स्थिर ठेवलं तरी त्यात कचरा असतो.

मी उमेदवारीच्या दिवसांत हे काम एकदा एकट्याने केलं होतं, चाकावर दोरी बांधून. किनाऱ्यावर सगळं बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी बोट बाहेर गेली तेव्हा चाकाचा पहिला अर्धा फेरा रिकामा जाऊ लागला, कारण आत राहिलेली हवा आधी दबायची आणि मग तेल हलायचं. मालवणच्या धक्क्याला लावताना ती बोट दुसरीवर आदळली. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून दोन माणसं असल्याशिवाय मी निपलला हात लावत नाही, आणि खालची परीक्षा केल्याशिवाय बोट पाण्यात सोडत नाही.

परीक्षा अशी. हेल्मचं झाकण काढा, तेलाची पातळी बघा. चाक एका टोकाला नेऊन आणखी जोर लावा आणि पातळीकडे लक्ष ठेवा. पातळी खाली गेली, तर तेवढी जागा हवेने दिली, म्हणजे हवा आत आहे. पातळी हलली नाही आणि चाक भिंतीला लागल्यासारखं थांबलं तर काम झालं. दुसऱ्या टोकालाही तेच. मग चाक जोराने दाबून धरलेलं असताना दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसत जावं. डोळ्याला न दिसणारी गळती फडक्यावर दिसते. तेल तोंडापर्यंत भरू नका, उन्हात ते पसरतं आणि झाकणातून बाहेर येतं. मे महिन्यातला डॅशबोर्ड किती तापतो ते तुम्हाला माहीतच आहे.

घरी जमेल का? जुनं काढणं, नळी साफ करणं, होज ओढणं, हवा काढणं हे तुम्ही आणि तुमचा खलाशी मिळून करू शकता, दीड-दोन दिवस धरा. डॅशची भोकं आणि शेवटची नटांची तपासणी मात्र हे काम आधी केलेल्या माणसाच्या हाताखाली करा. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असतं आणि बोट वर असते, तेव्हाच हे काम काढा. हंगाम चालू असताना रात्रीच्या रात्री बसवायला घेतलेलं काम मी तरी स्वीकारत नाही.

बसवल्यावरची निगा फार नाही, पण ती रोजची आहे. संध्याकाळी इंजिनाला गोडं पाणी देता तेव्हा सिलेंडरलाही द्या आणि दांडा ओल्या फडक्याने पुसा. वाळलेलं मीठ आणि वाळू घेऊन सिलेंडर सरकला की सील कापलं जातं. साफ करायला ॲसिटोन किंवा थिनर वापरू नका. महिन्याला हेल्मची पातळी बघा. ती कमी झाली तर नुसतं तेल घालून पुढे जाऊ नका, गेलं कुठे ते शोधा: हेल्मच्या शाफ्टजवळ, होजच्या टोकांना, दांड्याच्या दोन्ही बाजूंना. तेल दुधाळ झालं तर आत पाणी गेलंय, काळं झालं तर सील झिजतंय. दोन्ही वेळा सगळं तेल बदला. मानेला आणि टिल्ट ट्यूबला ग्रीस पूर्वीसारखंच लागतं. हायड्रॉलिक आलं म्हणून ग्रीसगन खुंटीला टांगू नका.

बोटीत कायम ठेवायचं ते: एक लिटर तेल, भरायची नळी, निपलचा पाना आणि एक मजबूत वल्हं. होज फुटला तर चाक मोकळं फिरेल आणि इंजिन सैल होईल. अशा वेळी वेग अगदी कमी करून मागचा माणूस इंजिन हाताने धरून दिशा देऊ शकतो. उलट हेल्मच जाम झाला तर सिलेंडर कुलूपबंद होतो, तेव्हा दोन्ही निपल सैल करायच्या, तेल वाहू द्यायचं, म्हणजे इंजिन हाताने हलतं. हे एकदा शांत खाडीत खलाशाकडून करून घ्या. आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला असू द्या, स्टेअरिंग कितीही चांगलं असलं तरी.

आता तुम्ही ड्रॅग लिंक सोडवून बघा आणि मला तीन गोष्टी कळवा: चाक जड होतं की इंजिन, नेहमीच्या वेगाला बोट कोणत्या बाजूला ओढते, आणि इंजिन पूर्ण वर उचलल्यावर त्याच्या पुढे फायबरपर्यंत किती जागा उरते. त्या मापावरून तुमच्या पाटीला पुढचा सिलेंडर बसेल की नाही ते सांगता येईल.